तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे जण तपासतात, तरी पुस्तकात चूक राहते कशी?

लग्नात, बारशाला, बँकेच्या रांगेत, कुठेही कुणी ओळख करून दिली की "या आधी शिक्षिका होत्या, मग पाठ्यपुस्तकांचं संपादन करायच्या", की दोन मिनिटांत हा प्रश्न येतोच. परवा एका जुन्या विद्यार्थ्यानं, आता तो स्वतः दोन मुलांचा बाप, मोबाईलच माझ्या नाकासमोर धरला, मुलीच्या पुस्तकाच्या पानाचा फोटो, आणि म्हणाला बाई हे बघा, एवढे जण तपासतात ना, मग हे राहतं कसं? तेव्हा पंगतीला बोलावत होते म्हणून मी टाळलं. आता लिहितेच.

तर पहिलं म्हणजे, लोक मला ज्या चुका दाखवतात त्यातल्या निम्म्या चुका नसतातच. त्या फोटोतही नव्हती. पुस्तकात स्वरांच्या ओळीत ॲ आणि ऑ होते आणि याचं म्हणणं, आम्ही बाराखडी शिकलो, ही चौदाखडी कुठून काढलीत? अरे बाबा, २००९ सालच्या शासन निर्णयानं ते दोन स्वर वर्णमालेत आले, आणि बॅट-बॉल तर तू वर्गाच्या खिडकीतून ओरडत होतास तेव्हापासून आहेतच की. माझे वडील शेवटपर्यंत 'नांव' आणि 'कांहीं' असंच लिहायचे. १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम आले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, १९७२ मध्ये आणखी चार नियम येऊन एकूण अठरा झाले, पण वडिलांच्या लेखी तेव्हापासून छापील मराठी सगळी अशुद्धच. प्रत्येकाचं शुद्धलेखन तो चौथीत असतानाचं असतं असं माझं प्रामाणिक मत आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आलं तेव्हाही मला केवढे फोन, बाई काय ही चूक! ती चूक नव्हती, तो निर्णय होता, पटो न पटो. सत्तावीस ऐकून ७२ लिहिणारी पोरं मी दरवर्षी बघितलीयत, त्यामुळे मला काही त्याचा फार राग आला नाही.

(आणि सरकारी पुस्तकं बालभारती काढते, १९६७ पासून. तिथे मी कधीच नव्हते. हे आधीच सांगते, कारण सगळ्यांना तसंच वाटतं आणि सगळ्यांचा राग माझ्या दारात येऊन पडतो.)

मी शाळेत पस्तीस वर्षं, १९७८ ते २०१३, अठ्ठावन्न पूर्ण झाली, नारळ मिळाला, आणि दोन महिन्यांत घरी बसून जीव कावला तेव्हा एका खासगी प्रकाशनासाठी काम सुरू केलं. इंग्रजी माध्यमाच्या आणि इतर बोर्डांच्या शाळांना मराठीची पुस्तकं लागतात, ती. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्याच बोर्डांच्या शाळांना मराठी सक्तीचं झालं, त्यानंतर तर उसंत नव्हती.

आता खऱ्या चुकांकडे येते. लेखकाचा मजकूर येतो, डीटीपी होतं, म्हणजे संगणकावर पानं जुळतात, मग पहिलं प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, दुसरं प्रूफ, चित्रं बसली की तिसरं, मग तज्ज्ञ, मग फायनल. प्रूफ दोघांनी वाचायचं, एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, अगदी स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद असं सगळं बोलत, आणि दुसऱ्यानं छापील पानावर बोट ठेवून बघायचं. माझी जोडीदारीण इतकं एकसुरी वाचायची की अर्थ डोक्यात शिरायचाच नाही, आणि तेच तिचं कसब होतं. अर्थ शिरला की संपलं, कारण ज्याला अर्थ कळतो तो अक्षरं वाचतच नाही, पुढचा शब्द त्याला आधीच ठाऊक असतो, समोर 'पारंपारिक' छापलेलं असलं तरी तो 'पारंपरिक' वाचून पुढे जातो. म्हणून शेवटचं प्रूफ मी खालून वर वाचायचे, शेवटच्या ओळीपासून. घरचे म्हणायचे हिला काहीतरी झालंय.

त्यात जुन्या फायली. आधीचे पाठ जुन्या फॉन्टात होते, ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालेल अशा अक्षरांत आणताना कुठल्यातरी पायरीवर सगळे 'ऱ्य' होते त्यांचे 'र्य' झाले. म्हणजे 'आचाऱ्यांनी' होतं त्याचं 'आचार्यांनी'. आचारी म्हणजे स्वयंपाकी, आचार्य म्हणजे गुरुजी, आणि आमच्या लग्नाच्या पाठात आचार्यांनी जिलब्या तळल्या. स्पेलचेकला दोन्ही शब्द मान्य. ती चूक सापडली कारण आम्ही दोघी हसत सुटलो. ज्या चुका वाचून हसू येत नाही त्या राहतात.

पण सगळ्यात जास्त चुका होतात त्या चूक दुरुस्त करताना, आणि हे बाहेरच्या माणसाला काही केल्या पटत नाही. तिसरीच्या पुस्तकात पावसाचा एक पाठ होता, त्याची शेवटची ओळ पुढच्या पानावर जात होती. एका ओळीसाठी पान वाढवता येत नाही, आमचं पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मात छापलं जायचं, एक पान वाढलं की पुढचं सगळं हलतं. मग मी एक वाक्य काढलं. 'मीनाने आपली लाल छत्री उघडली.' त्यावाचून काही अडत नव्हतं, पाठ उलट जरा बराच वाटायला लागला. स्वाध्याय पलीकडच्या पानावर, ते पान आधीच पास झालेलं, ते मी उघडलंच नाही. त्यातला तिसरा प्रश्न: लाल छत्री कोणाची होती?

पुस्तक छापून गेलं. वर्षभर एक तक्रार नाही. शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत उत्तर तयार होतं, 'लाल छत्री मीनाची होती', ते फळ्यावर लिहिलं गेलं असणार, मुलांनी उतरवून घेतलं असणार, परीक्षेत मार्कही पडले असणार. शिक्षकांना मी नावं ठेवत नाही, मी स्वतः पस्तीस वर्षं फळ्यावर उत्तरं लिहिली, साठ वह्यांचा गठ्ठा समोर असताना पाठात छत्री आहे की नाही हे मीही शोधलं नसतं.

दुसऱ्या वर्षी प्रकाशनाच्या पत्त्यावर एक पत्र आलं, वहीचा फाडलेला कागद, पेन्सिलीनं लिहिलेलं. 'पाठात छत्रीच नाही. मी तिनदा वाचला. मीनाकडे छत्री होती तर ती भिजली का?' खाली नाव, इयत्ता आणि शाळा, बस.

मी ते उघडलं तेव्हा हातात लाल पेन होतं आणि पहिलं काय केलं असेल तर 'तिनदा'तली ति दीर्घ केली. हाताला सवय, दुसरं काय. मग पुढचं वाक्य वाचलं, मग उठून पुस्तक काढलं, पाठ वाचला, पान उलटून स्वाध्याय वाचला, आणि मग बराच वेळ नुसती बसून राहिले. जोडीदारीण विचारत होती काय झालं, तर तिच्यापुढे पुस्तक सरकवलं आणि म्हटलं, छत्री शोध.

पुढच्या आवृत्तीत प्रश्न बदलला. त्या मुलाला मी उत्तर पाठवलं, की छत्री माझ्या हातून हरवली, तुझं बरोबर आहे. त्याचं काही परत आलं नाही. पत्र अजून कपाटात आहे, कुणी हा प्रश्न घरी येऊन विचारला तर काढून दाखवते, आणि बघणाऱ्याची नजर आधी त्या लाल वेलांटीवर जाते, मग सांगावं लागतं, ती मी काढलीय.