अहवालात आधी पावसाळा शोधा

मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. दर्या अजून पुरता निवलेला नसतो, तरी नारळी पौर्णिमेच्या आसपास होड्या बाहेर पडतात. त्या होडीतला मच्छीमारच किनाऱ्यावरच्या प्रकल्पाला विरोध करू लागला की त्याची भीती 'अडाणी' ठरते. वादळाला भीत नाहीस, मग कारखान्याच्या धुराड्याला का भितोस? चॉन्सी स्टार या अमेरिकी अभियंत्याने १९६९ मध्येच लिहून ठेवलंय: स्वतः पत्करलेला धोका माणसं लादलेल्या धोक्याच्या साधारण हजारपट सहन करतात. (स्टार अणुऊर्जेचे पुरस्कर्ते होते, आंदोलक नव्हेत.) होडीचा धोका आणि होडीचं उत्पन्न एकाच घरात येतं. प्रकल्पाचा नफा भागधारकांकडे जातो, राख आणि गरम पाणी खाडीत राहतं. मच्छीमार हा हिशेब बरोबर करतो.

हा हिशेब कागदावर कसा बिघडतो ते पाहायचं तर पर्यावरण परिणाम अहवाल, म्हणजे ईआयए, उघडा आणि आधारभूत नोंदी, म्हणजे प्रकल्पाआधीच्या हवा-पाण्याची मोजमापं, कोणत्या महिन्यांतल्या आहेत ते बघा. बहुतेक वेळा एकाच हंगामाचे तीन महिने असतात, पावसाळा वगळून. बारा महिने मोजमाप करायचं तर कर्जाचं व्याज चढत राहतं, घाईचं खरं कारण तिथे आहे. पण कोकणात पावसाळा वगळणं म्हणजे अर्धं कोकण वगळणं. पहिल्या पावसात ओढ्यात घुसणारे चढणीचे मासे डिसेंबरच्या जाळ्यात कसे दिसणार? सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, पडलेलं पाणी त्या जांभ्यातून झिरपून खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं. जानेवारीत तोच सडा कोरडा ठणठणीत असतो, आणि अहवालात 'ओसाड जमीन' अशी नोंद होते. वाऱ्याचंही तेच. जूनपासून वारा नैऋत्येकडून, समुद्रावरून गावाकडे येतो. हिवाळ्यात पहाटेचा मतलई वारा उलट, जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. फक्त हिवाळ्याचे आकडे घातले, तर पावसाळ्यात धूर कुणाच्या अंगणात उतरेल हे त्या नकाशावर येतच नाही.

सातबारा काढला तर सड्यापुढे बहुधा 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असं लिहिलेलं असतं. गुरं चरतात, गवत कापलं जातं, पण त्याचा रकाना नाही. ओहोटीला बायका कालवं, तिसऱ्या, मुळे अशी शिंपल्यांतली मासळी काढतात. ते बंदरावर उतरत नाही, म्हणून मासळीच्या आकड्यातही येत नाही. ज्याची पावती नाही ते बुडालं तर नुकसान शून्य! विल्यम काप या अर्थतज्ज्ञाने १९५० मध्ये हाच मुद्दा मांडला: खर्च दुसऱ्यावर ढकलता येतो म्हणूनच कितीतरी धंदे फायद्यात दिसतात.

काळाचंही असंच. भविष्यातल्या नुकसानाची आजची किंमत काढताना दरसाल १० टक्के सूट धरली, तर ३० वर्षांनी होणारं एक लाखाचं नुकसान आज सुमारे ५,७३० रुपयांचं उरतं, ५० वर्षांनी होणारं साधारण ८५० रुपयांचं. नातवंडांसाठी लावलेल्या हापूसच्या कलमाला हे गणित लावून बघा. म्हणून अहवालात खर्च-लाभाचं कोष्टक दिसलं की ही सूट किती टक्के धरली ते विचारायचं.

धोक्याला वरून झाकण घालण्याचीही सोय असते. जैतापूरला १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, ठरल्या आणि नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. त्याच वर्षीच्या अणुदायित्व कायद्याने अपघात झाल्यास प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीची भरपाईची जबाबदारी १,५०० कोटी रुपयांवर थांबवली होती. प्रकल्प इतका सुरक्षित असेल तर मर्यादा कशाला, हे प्रकल्पाच्या जागेवरच्या माडबन गावात विचारणाऱ्याला किरणोत्साराची शिकवणी देऊन काय होणार?

आता जनसुनावणी, म्हणजे मंजुरीआधी लोकांच्या हरकती ऐकण्याची बैठक. २००६ च्या ईआयए अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी नोटीस लागते. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात बघायला मिळायला हवा. मराठी सारांशावर थांबू नका. बारीक गोष्टी मूळ अहवालाच्या परिशिष्टांत असतात. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. 'आमचा ठाम विरोध आहे' एवढंच लिहिलं की समोरून 'नोंद घेतली' येतं. त्याऐवजी पान क्रमांक, तक्ता क्रमांक, कोणता महिना मोजला नाही आणि कुठल्या विहिरीचं पाणी तपासायचं राहिलं, असं लिहिलं की उत्तर टाळणं अवघड होतं. एका मुद्द्याला एक परिच्छेद.

बहिष्काराचा मोह होतो, पण सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. मंडप रिकामा असला तरी सुनावणी झाली असंच धरतात. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा मराठीत वाचून दाखवायचा असतो, तोवर लोक एसटी पकडायला उठलेले असतात. चार-पाच जणांनी वही घेऊन बसून राहायचं, आपला मुद्दा गाळला असेल तर सही होण्याआधी तिथेच सांगायचं. पुढे मंजुरी मिळालीच, तर पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या हरित लवादाकडे, आपल्यासाठी पुण्याला, अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यानंतर नाही.