चटणीतला खड्डा

रविवारी दुपारी जेवणं आटोपून सगळे लोळत पडलेले आणि भाचीने किचनमध्ये बशा मांडायला घेतल्या. कॉलेज रोडवरून आणलेला लांबडा ब्रेड, ऑलिव्ह ऑइल, मिरीपूड, पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्सच्या पुड्या (या प्रत्येक घरात एका बरणीत साठवलेल्या असतातच, फेकवत नाहीत), आणि किसलेली लसणाची एक पाकळी. तेलात थोडं काळं बाल्सॅमिक व्हिनेगर सोडलं, ते तेलापेक्षा जड, तळाला जाऊन बसलं, चमच्याने कितीही फिरवा परत वेगळं ते वेगळंच. "मावशी, डिपिंग ऑइल. बुडव आणि खा." खाल्लं. छान लागलं, खोटं कशाला बोलू. घशाशी जरा टोचलं तर म्हणाली, एक्स्ट्रा व्हर्जिन चांगलं असलं की टोचतंच.

मी मात्र तोवर सटाण्याकडे पोचलेले. तिकडे आमचं आजोळ. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून आणायचं, मीठ त्या पिठातच. भाकरी झाल्या की त्याच गरम तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, आणि तांब्याच्या बुडाने तव्यातच रगडायचं, ठसक्याने अख्खं घर खोकत बाहेर ओट्यावर. मग ताटात भाकरीशेजारी ठेच्याचा गोळा, त्यात बोटाने खड्डा, आणि आजी किटली घेऊन रांगेने कच्चं तेल सोडत येणार. खड्डा करणं हे काम दिसतं तेवढं सोपं नाहीये. उथळ झाला तर तेल कमी मिळणार, खोल करायला गेलात तर बूड फुटतं आणि तेल भाकरीखाली पळतं, मग ती खालची बाजू मऊ पडते, काहींना तीच आवडते म्हणा. मामेभाऊ इतका मोठा खड्डा करायचा की आजी किटली वरच धरून म्हणायची, "विहीर खणतोस का रे? पाणी लागेल आता." तेल तेवढंच मिळायचं, एक धार. पण प्रत्येकजण आपापल्या हिशोबाने कालवायचा, कोणी सगळं एकदम, कोणी कडेकडेने खात तेल शेवटच्या घासापर्यंत राखून. मी राखणारी.

शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी, सगळ्यांना हाच न्याय. चटणी कोरडी करून बरणीत भरायची, तेल ताटात आल्यावरच. हे किती शहाणपणाचं आहे ते भाचीने "आता बाटली भरूनच करून ठेवते, लसूण घालून" म्हटल्यावर लक्षात आलं. कच्चा लसूण तेलात बुडाला की त्याला हवा लागत नाही, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला वाढायला बिनहवेचीच जागा लागते. वर वास नाही, रंग बदलत नाही, काही कळतच नाही. 1985 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या एका हॉटेलातल्या अशाच तेलातल्या लसणाने 36 माणसं आजारी पडली होती. म्हणून लागेल तेवढंच करायचं, उरलं तर फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं नाहीतर सरळ टाकून द्यायचं. भाची म्हणाली तू मूड घालवतेस. घालवते.

तसं नाशिकला हे बुडवणं काही नवीन नाहीये. 1999 ला गंगापूर धरणाकडे सुला ही वाइन बनवणारी वायनरी आली, मग तिथे बशीत तेल घेऊन ब्रेड खायचं फॅड आलं ते नंतर, पण पाव तर्रीत बुडवून खाणारी माणसं इथे आधीपासून होतीच की. मिसळीबरोबर वेगळ्या वाटीत येते ती लाल तर्री, ते आपलं डिपिंग ऑइल नाही तर काय.

आणि डिप म्हणाल तर चक्का आहेच. दही रात्री फडक्यात टांगायचं, सकाळी साखर घातली की श्रीखंड आणि मीठ, लसूण, पुदिना, भरडलेलं जिरं घातलं की डिप. निथळलेलं पाणी कणीक मळायला घ्यायचं. तेच डिप बाहेर इवल्याशा डबीत केवढ्याला विकतात, ते बोलायला नको. हुमुसही करून बघितलं एकदा, काबुली चणे आणि तीळ वाटून, बरं झालेलं, पण आमच्याकडे सगळ्यांनी ते पोळीबरोबर भाजीसारखं खाल्लं.

मला खुपतं ते वेगळंच. मध्ये एक मोठा बोल ठेवायचा आणि दहा जणांनी त्यात बुडवायचं. एकाने खाकरा बुडवला, चावला, तोच अर्धा परत बुडवला, आणि आपण समोर बसून बघतोय. अहो उष्टं ना ते! घरात एका ताटात जेवलेली मी, भावंडांचं उष्टं पाणी प्यायलेली, पण सोसायटीतल्या बोलात काकडी बुडवताना हात मागे येतो. वयाचा परिणाम असेल किंवा त्या खड्ड्याचा, प्रत्येकाचा आपला आपला होता ना.

तर पुढच्या भिशीला मी प्रत्येकीला वेगळी वाटी ठेवणार आहे. बहीण म्हणाली, असं कोणी ठेवत नाही गं, मध्ये एकच बोल असतो, तीच तर मजा. असेल. वाट्या मलाच घासायच्यात.