लॅपटॉपवरचे ८९

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी डायनोवर, म्हणजे रोलरवर गाडी पळवून इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, जायची होती. तिथे इंजिनाची सेटिंग्ज बसवणाऱ्या ट्यूनरची वेळ दीड महिना आधी धरलेली, ट्रेलर ठरलेला, आणि इंजिन अजून एकदाही सुरू झालेलं नव्हतं.

मी ट्यूनर नाही. माझं काम त्याच्या आधीचं. या गाडीला मोठा टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) बसवला होता, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मिनिटाला ५५० सीसीच्या जागी १००० सीसीचे आले होते आणि मूळ इंजिन कॉम्प्युटर काढून नवा स्वतंत्र बसवला होता. असा नवा कॉम्प्युटर कोरा असतो. इंजेक्टर किती मोठे, क्रँकच्या चाकाला दात किती, कुठला सेन्सर किती व्होल्टला काय म्हणतो, हे सगळं त्याला सांगावं लागतं. ते सांगायचं, इंजिन सुरू करायचं, गळती बघायची आणि आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल अशी गाडी ट्यूनरच्या हाती द्यायची, एवढंच माझं काम.

मालकाने याच इंजिनाची दुसऱ्या कुणाची तरी मॅपची, म्हणजे कॉम्प्युटरच्या सेटिंग्जची, फाइल आणली होती. "त्याची गाडी यावर मस्त चालते," म्हणाला. दुसऱ्याची फाइल मी सहसा घेत नाही. त्या दिवशी घेतली, कारण घाई होती. इंजेक्टरचा आकडा बदलला. त्यांचा डेड टाइम, म्हणजे करंट मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंतचा वेळ, बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे नव्याने भरला. इंजेक्टर मोठे असले की आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा, ते जेमतेम दोन मिलिसेकंद उघडतात, त्यातला जवळपास एक डेड टाइममध्येच जातो, त्यामुळे इथे चूक परवडत नाही. क्रँकचं चाक ३६ वजा १, म्हणजे ३६ दातांच्या जागांपैकी एक रिकामी, तेही तपासलं. बाकीचं "याच किटचं असणार" म्हणून तसंच राहू दिलं.

गाडी रात्रभर उभी होती, म्हणून सकाळी आधी तापमानाचे सेन्सर पाहिले. थंड इंजिनात पाणी आणि आत येणारी हवा दोन्ही एकाच तापमानाला असायला हवीत. २४ आणि २५. ठीक. ॲक्सिलरेटर सोडला की ०, पूर्ण दाबला की १००. तेही ठीक. मग मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला, दाब. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेइतकाच, आमच्याकडे शंभराच्या आसपास हवा. चावी ऑन, इंजिन बंद, स्क्रीनवर ८९ किलोपास्कल.

माझ्याकडे शिकायला आलेला मुलगा शेजारीच उभा होता. "दादा, हा ८९ बरोबर आहे ना?"

"हवेचा दाब रोज थोडा इकडेतिकडे होतो रे," मी म्हणालो.

होतो, पण एखाददुसऱ्या किलोपास्कलने. अकराने नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

पुढचं सगळं शिस्तीत झालं. इंजेक्टरचे प्लग काढून सेल्फ मारला, ऑइलचा दाब चढेपर्यंत. नव्या टर्बोच्या बेअरिंगला ऑइल पोचण्याआधी इंजिन पेटवणं म्हणजे टर्बो हाताने फोडण्यासारखं आहे. मग टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते, १० अंशांवर लॉक केलं आणि सेल्फवरच टायमिंग लाइट मारला. स्क्रीन १० म्हणत होती, पुलीवरची खूण १६. कॉम्प्युटरला पहिल्या सिलेंडरची जागा सहा अंशांनी चुकीची सांगितलेली होती. ऑफसेट बदलून पुन्हा मारला, खूण १० वर आली. फाइलवर विश्वास ठेवू नये हे मला तिथेच कळायला हवं होतं. पण चूक सापडली की माणूस खूश होतो आणि दुसरी शोधायची राहते.

तिसऱ्या सेल्फला इंजिन पेटलं. ९५० आरपीएमला स्थिर, हवा-इंधन प्रमाण १४.२, काटा हलेना. लॉक ठेवूनच ३००० पर्यंत नेऊन पुन्हा लाइट मारला. क्रँक सेन्सरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या असतील तर खूण आरपीएमबरोबर सरकते. सरकली नाही. पाणी, ऑइल, पेट्रोल, कुठेही थेंब नाही. मालक फोनवर व्हिडिओ काढत होता.

"एक छोटी चक्कर मारून येऊ का? फक्त आवाज ऐकायला."

मी नको म्हणालो. डायनोच्या आधी गाडीला बूस्ट, म्हणजे टर्बोचा वाढीव दाब, दाखवायचा नाही, हा माझा नियम. तो तेवढ्यापुरता नाराज झाला. खरं सांगायचं तर तोवर मला कसलीही शंका आलेली नव्हती. नियम होता म्हणून नाही म्हटलं, एवढंच.

संध्याकाळी ट्यूनरसाठी कागद भरायला बसलो. इंजेक्टर, पेट्रोलचा दाब (व्हॅक्यूमचा होज काढून ३ बार), प्लगचा गॅप, सेन्सरचे आकडे. "चावी ऑन, इंजिन बंद" या ओळीपुढे ८९ लिहिलं आणि पेन थांबलं. स्क्रीनवरचा आकडा डोळ्यांसमोरून निघून जातो, स्वतःच्या हाताने लिहिलेला टोचतो. ८९ म्हणजे समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंची. आम्ही काही डोंगरावर नव्हतो. फोनमधला बॅरोमीटर १०० दाखवत होता. (हवामानाच्या ॲपवरचा दाब इथे चालत नाही, तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो.)

गेज असलेला हातपंप सेन्सरच्या होजला लावला. हवेच्या वर एक बार दिला, म्हणजे खरा दाब २००. लॅपटॉप म्हणाला १६८. मग पंप उलटा फिरवून व्हॅक्यूम ओढत ४० पर्यंत आणला. लॅपटॉप म्हणाला ४१.

मुलगा गोंधळला. मीही क्षणभर. मग सेन्सरचं पान उघडलं आणि उलगडा झाला. फाइलमध्ये अडीच बारचा सेन्सर होता, शून्य व्होल्टला १० आणि पाच व्होल्टला २६० किलोपास्कल. गाडीत बसवलेला तीन बारचा, साधारण १ ते ३१५. दोन्ही रेषा कागदावर काढून त्याला दाखवल्या. त्या ४५ च्या आसपास एकमेकींना छेदतात. आणि आयडल बरोबर तिथेच असतो. म्हणून इंजिन इतकं सुरेख चालत होतं. जिथे दोन्ही सेन्सर एकच बोलतात नेमक्या त्याच जागी आम्ही दिवसभर उभे होतो.

वर काय झालं असतं ते त्याच कागदावर मांडलं. खरा दाब १६० असताना कॉम्प्युटरला १३६ दिसले असते. म्हणजे पेट्रोल पंधरा टक्के कमी. जिथे हवा-इंधन प्रमाण ११.८ हवं तिथे १४ च्या जवळ. शिवाय कमी भार समजून टायमिंगही जास्त पुढे, म्हणजे ठिणगी जास्त लवकर, दिलं असतं. लीन (पेट्रोल कमी पडलेलं) मिश्रण आणि जास्तीचं टायमिंग, नॉक व्हायला, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून इंजिन फुटायला, आणखी काही लागत नाही. आणि दाब फार वाढला की इंजिन तोडणारा बूस्ट कट, जो मी मोठ्या विश्वासाने १८० ला लावला होता, प्रत्यक्षात २१५ ला आला असता.

"डायनोवर कळलंच असतं ना?" मुलाने विचारलं.

बहुधा. ट्यूनरला गाडी लीन दिसली असती, त्याने पेट्रोलच्या आकड्यांच्या टेबलमध्ये पेट्रोल वाढवलं असतं आणि ती चालली असती. पण मग त्या टेबलमधला प्रत्येक वरचा आकडा एक खोटी गोष्ट झाकत राहिला असता, आणि बूस्ट कट चुकीचा तो चुकीचाच. मला त्या "छोट्या चकरेचा" विचार सुटेना. तिथे समोर ट्यूनरही नसता.

दुरुस्ती दोन आकड्यांची. भरले, पुन्हा पंप लावला. १००, २००, ४०. मग इंजिन सुरू केलं. आयडलला १४.२ चं १४.५ झालं, बस. मालक आतून डोकावला. "आवाज तर तोच आहे. बदललं काय?"

मी मुलाकडे पाहिलं. तो कागदावरचा ८९ खोडून शेजारी १०० लिहीत होता, आणि सकाळी मी त्याला दिलेलं उत्तर आठवून गालातल्या गालात हसतही होता.