बागानची देवळं बघताना कमानीकडे बघा

म्यानमारमध्ये इरावतीच्या काठी, बागानच्या माळावर आजही 2,000 हून जास्त देवळं आणि स्तूप उभे आहेत. बहुतेक अकराव्या ते तेराव्या शतकातले, आणि जवळजवळ सगळे विटांचे. चिऱ्याच्या भिंती बघत वाढलेल्या गोवेकराने तिथे आधी हे वीटकाम वाचायला शिकावं.

वास्तू भरीव की पोकळ, हे प्रथम बघायचं. श्वेझिगोन हा भरीव स्तूप. आत वाट नाही, प्रदक्षिणा बाहेरून. आनंद, सुलामणी, धम्मयानजी ही पोकळ देवळं. रिवणची गुंफा पाहिलेल्यांना आतला काळोख आणि गारवा ओळखीचा वाटेल, पण इथे डोंगर कोरलेला नाही, सपाट जमिनीवर विटा रचून गुंफा उभारली आहे. आपल्याकडे सभामंडप, चौक, गर्भकूड अशी सरळ आत जाणारी वाट असते. आनंद मंदिरात मधोमध विटांचा भक्कम गाभा, त्याच्या चार अंगांना सुमारे साडेनऊ मीटर उंचीच्या चार उभ्या बुद्धमूर्ती आणि भोवती एकात एक दोन प्रदक्षिणामार्ग आहेत. चारही मूर्ती एकाच बुद्धाच्या नाहीत, गौतमाच्या आधीचे तीन बुद्धही आहेत: उत्तरेला ककुसंध, पूर्वेला कोणागमन, दक्षिणेला कस्सप आणि पश्चिमेला गौतम. दक्षिणेची मूर्ती लांबून हसरी आणि पायाशी गेलं की गंभीर दिसते. दोन्हीकडून बघा.

आता कमान. त्या काळी भारतात दगड पुढे सरकवत आणून वरची पोकळी बंद करण्याची रीत होती. बागानच्या गवंड्यांनी विटा पंख्यासारख्या लावून खरी कमान आणि घुमट्या रचल्या, त्याही शेकडो ठिकाणी. गिलावा उडालेल्या दारात उभं राहून मान वर केली की ही मांडणी स्पष्ट दिसते. धम्मयानजीत विटांमधले सांधे इतके बारीक आहेत की हात फिरवूनच खात्री पटते. त्याच देवळाचा आतला प्रदक्षिणामार्ग मात्र विटांनी बुजवलेला आहे.

बिघाडही इथेच समजतो. विटा मातीच्या गाऱ्यात बसवलेल्या आणि वरून चुन्याचा गिलावा. गिलावा शाबूत तोवर भिंत सुरक्षित. त्याला तडा गेला की पाणी आत शिरतं, गारा धुऊन जातो, फटीत झाड रुजतं आणि मुळं विटा उचकटतात. बागान कोरड्या पट्ट्यात आहे, म्हणून हे सावकाश घडतं. गोव्याच्या 3,000 मिलिमीटर पावसात असं बांधकाम इतकी शतकं टिकलं नसतं. भूकंपात मात्र शेंडा आधी जातो, कारण अरुंद टोकाला हादरा जास्त बसतो. 1975 च्या भूकंपानंतर बऱ्याच देवळांचे माथे नव्याने बांधले, आणि 24 ऑगस्ट 2016 च्या 6.8 तीव्रतेच्या भूकंपात सुलामणीचा माथा पुन्हा कोसळला. नवी वीट एकसारखी, कडा धारदार, रंग सपाट. जुनी झिजलेली. एवढं ध्यानात ठेवलं तर मूळ कुठे संपतं आणि डागडुजी कुठे सुरू होते, ते कळतं. नव्वदच्या दशकात काही देवळं नुसत्या अंदाजाने पुरी केली गेली, हे मला खटकतं. उरलेला पाया तसाच जपणं जास्त प्रामाणिक झालं असतं.

क्रम काळाप्रमाणे लावावा. आधी आनंद, मग मिंकाबा गावातलं गुब्यौकजी देऊळ (1113): जाळीच्या खिडक्या, मंद उजेड, भिंतीभर जातकचित्रं, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांची चित्रं. तिथेच प्यू, मोन, पाली आणि बर्मी अशा चार भाषांतला मजकूर असलेला म्याझेदी शिलास्तंभ आहे. आणि शेवटी सुलामणी (1183), जिथे खिडक्या मोठ्या होतात आणि उजेड मोकळा आत येतो. थाटब्यिन्यू देवळाजवळचं नातलाउंग हे विष्णूचं देऊळ चुकवू नका.

चपलांसोबत मोजेही काढावे लागतात. मार्च ते मे दुपारी फरशी पाय भाजते, म्हणून मोठी देवळं सकाळी आटपा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बॅटरी न्या, पण चित्रांवर प्रकाश तिरका आणि थोडाच वेळ टाका, फ्लॅश नकोच. देवळांवर चढायला बंदी आहे. उंचावरून बघण्यासाठी मातीचे उंचवटे केलेले आहेत, तिथूनच बघा.