बापासमोर गाणं म्हणणारा मुलगा

नागपूर स्टेशनावर सापडणाऱ्या मुलांसोबत मी काम करते. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे घरून पळालेलं, गर्दीत हरवलेलं, कुणी गाडीत बसवून दिलेलं पोर कुठल्याही फलाटावर उतरतं. चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करायचं आणि घराचा शोध सुरू करायचा. मुलाला जिल्हा सांगता येत नाही, पण घरासमोर हापसी आहे की पिंपळ, बाजार कुठल्या वारी भरतो, हे बरोबर सांगतं. त्यावरून गाव काढावं लागतं.

हेच काम करायला 2015 च्या भूकंपानंतर मी काठमांडूला गेले. निघताना आमच्या मावशींनी विचारलं, "ताई, तिकडं काऊन चालल्या? आपल्या इथं पोरं कमी हायेत का?" प्रश्न रास्त होता. पण तिथल्या एका निवाऱ्याला कुटुंबं शोधायची सवय असलेली माणसं हवी होती.

25 एप्रिलच्या त्या भूकंपानंतर अनाथांच्या नावाने पैसा आणि स्वयंसेवक दोन्ही नेपाळात येऊ लागले. सरकारने कागदपत्रांविना मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली, नवी बालगृहं थांबवली. त्याला कारण होतं. 1996 ते 2006 च्या यादवीत दलाल हुमल्यासारख्या दुर्गम जिल्ह्यांत जायचे, पोराला शहरात शिकवतो म्हणून आईबापांकडूनच पैसे घ्यायचे आणि काठमांडूत त्याच आईबापांना कागदावर मारून टाकायचे. अनाथ म्हटलं की परदेशी पाहुण्याचा हात खिशाकडे जातो. तिथल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात आहेत, हे पुढे पुन्हा पुन्हा दिसून आलं.

आमच्याकडे अशाच एका बालगृहातून सोडवलेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. फाईलमध्ये वडिलांच्या मृत्यूचा दाखला, सही-शिक्क्यासकट. सहकारी त्याचा फोटो घेऊन हुमल्यात गावोगाव फिरले आणि वडील सापडले, स्वतःच्या शेतात काम करताना.

ते भेटायला आले तो दिवस मला विसरता येत नाही. त्यांच्या गावाला मोटाररस्ता नव्हता. सिमीकोटपर्यंत पायी, तिथून लहान विमानाने नेपाळगंज, मग रात्रभर बस. निवाऱ्याची फरशी पाहून त्यांनी चपला काढल्या आणि बाहेर न ठेवता हातातच धरल्या.

मुलाला आधी सगळं सांगितलेलं होतं, समुपदेशकांनी त्याची तयारी करून घेतली होती. तरी वडिलांना दारात पाहताच तो ताठ उभा राहिला, हात जोडले आणि एक इंग्रजी गाणं म्हणू लागला. हातवारे करत, चेहऱ्यावर हसू ठेवून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. जुन्या बालगृहात पाहुणे आले की मुलांना रांगेत उभं करून हेच म्हणायला लावायचे. वडिलांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मी पुढे झाले, तर समुपदेशकांनी डोळ्यांनीच थांबवलं.

गाणं संपल्यावर वडील खाली बसले, त्याची बाही वर सरकवली आणि कोपराजवळचा भाजल्याचा डाग अंगठ्याने चाचपला. काहीतरी विचारलं. मुलाला घरची बोली उरली नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. हुमल्याच्याच एका कार्यकर्तीने सांगितलं, "चुलीपाशी पडला होतास, आठवतं का, असं विचारतात." त्याने मान हलवून नाही म्हटलं. हात मात्र काढून घेतला नाही.

त्या दिवशी तो वडिलांसोबत गेला नाही, पाठवूही नये. आधी फोन, मग दसैंच्या सणाला घरी, गावच्या शाळेत नाव, मग कायमचं जाणं.

त्या बालगृहात पंधरा-पंधरा दिवसांसाठी परदेशी तरुण यायचे. त्यांची माया खरी होती याबद्दल मला शंका नाही. पण दर पंधरवड्याला नवं माणूस जीव लावून निघून गेलं की मूल भेटेल त्याच्या कडेवर चढायला शिकतं. पाहुण्यांना ते लाघवी वाटतं. आम्हाला त्याचीच धास्ती वाटते.

नागपुरातही वाढदिवसाचा केक घेऊन बालगृहात येणारी भली माणसं आहेत. मुलांसोबत फोटो हवा असतो. मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने मनाई आहे, हे मी त्यांना सांगते आणि त्याच खर्चात करता येण्यासारखं दुसरं काम सुचवते. गेल्या उन्हाळ्यात धरमपेठेतल्या एका कुटुंबाने मुलीच्या वाढदिवसाचे पैसे बालाघाटच्या एका आईच्या भाड्यासाठी आणि राहण्यासाठी दिले. तिची मजुरी बुडणार होती, तीही त्यांनी भरून दिली. पुढच्या बैठकीला ती आपल्या मुलाच्या जन्माचा दाखला घेऊन समितीपुढे हजर झाली.