चोक आत ढकलला की गाडी गप

बाबांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर आज अखेर चालू राहिली आणि मला खरंच खूप बरं वाटतंय. लालबागला चाळीच्या जिन्याखाली पूर्ण पावसाळा उभी होती. किक मारली की स्टार्ट व्हायची, पण चोक, म्हणजे थंड इंजिन सुरू करायला ओढायची कळ, आत ढकलला की लगेच बंद, त्यामुळे जो तो म्हणायचा भंगारात काढ आता.

आज शेजारच्या काकांनी, आयुष्यभर गॅरेजमध्ये काम केलेला माणूस, नुसतं ऐकून सांगितलं की अरे चोकवर चालते म्हणजे स्पार्क ठीक आहे, पेट्रोल कमी पडतंय, चोक हवा अडवतो म्हणून तेवढ्यापुरतं भागतं. मग आधी टाकीचं झाकण उघडून चालवून बघितली, कारण झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी पेट्रोल खाली उतरत नाही, पण ते ठीक होतं. मग कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, खोलला. तळाला पिवळट चिकट थर, उभ्या पेट्रोलचं हेच होतं, आणि पायलट जेट, म्हणजे मंद चालताना पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, उजेडात धरला तर भोकातून काहीच दिसेना. मी टाचणी घ्यायला गेलो तर काका ओरडलेच, पितळ मऊ असतं रे, भोक मोठं झालं की आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीचं मंद चालणं, कायमचं बिघडतं! कार्ब क्लीनरमध्ये भिजवला, हवा मारली आणि मग त्यातून ट्यूबलाइट दिसली, बारीकशी.

इतका जाणता माणूस शेजारी आहे, आणि पोरं साधा प्लग बदलायलाही त्यांना विचारत नाहीत, याचं वाईट वाटतं. रविवारी पेट्रोलचा पाइप बदलायचाय, काका येणार आहेत. कुणाला बघायचं, शिकायचं असेल तर सकाळी या.