तुम्ही विचारलंत म्हणून: टाके घातल्यानंतर

"ऑपरेशन तर तुम्ही करता, मग नर्सचे वेगळे पैसे कशाला?" मी प्राण्यांची डॉक्टर आहे आणि हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता उत्तर लिहूनच काढते.

ऑपरेशन चालू असताना माझी नजर जखमेवर असते. श्वास कसा चाललाय, अंग गार पडतंय का, हे नर्स बघते. हिरडीवर बोट दाबून सोडलं की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. भुलीत पापण्यांची उघडझाप थांबते, म्हणून डोळे कोरडे पडू नयेत यासाठी मलमही तीच घालते.

पण खरा कस लागतो टाके घातल्यानंतर. ब्रिटनमध्ये भुलीच्या धोक्याची मोठी पाहणी झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. दगावलेल्या मांजरांपैकी ६० टक्क्यांहून जास्त आणि कुत्र्यांपैकी जवळपास निम्मी ऑपरेशन उरकल्यावर गेली होती, त्यातली बरीचशी पहिल्या तीन तासांत. म्हणजे मी हातमोजे काढून पुढच्या पेशंटकडे वळते, नेमकी तीच वेळ.

एकदा एक पग भुलीतून बाहेर येत होता. चपट्या नाकाच्या कुत्र्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद. श्वासनलिकेतली नळी लवकर काढली तर ती वाट बंद होऊ शकते. बाहेर पेशंट ताटकळले होते. त्याने कान हलवला तसा मी नळीला हात घातला.

"मॅडम, अजून नको. गिळू दे त्याला."

ती फरशीवर मांडी घालून बसली होती. एका हाताने त्याची हनुवटी उचलून धरलेली, दुसरा तळवा छातीवर. तो गिळायला लागला, नळी चावायला लागला, मान स्वतःहून उचलली, तेव्हा कुठे तिने नळी काढली. जीभ शेवटपर्यंत गुलाबी होती. माझी घाई त्याच्या जिवावर बेतली असती.

आणि खाणं! जाडं मांजर काही दिवस उपाशी राहिलं तरी त्याच्या यकृतात चरबी साठून जीव धोक्यात येतो. ही बाई अन्न कोमट करते, वास सुटला की बोटावर घेऊन नाकाशी धरते, पुन्हा पुन्हा. माझ्या मते हा औषधोपचारच आहे.

प्राण्याला घरी न्यायला याल तेव्हा रात्र कशी गेली हे तिला विचारा. पाणी कधी प्यायला, कुठल्या कुशीवर झोपला, सगळं सांगेल.